खेळाचे खाते आणि घरातली किल्ली

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



या सत्राचा विषय फलकावर लागला तेव्हा तुमच्यापैकी काही जणींनी नाक मुरडले, हे मला कळले आहे. पोटगीच्या केसेस पडून आहेत, रेशनचे प्रश्न आहेत, आणि ही बाई मोबाइलवरच्या खेळांचे पासवर्ड कसले घेऊन बसली? दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. नव्हे, म्हटलेच होते, आणि एका मुलीच्या तोंडावर म्हटले होते. तिथूनच सुरुवात करते.

आमच्या समुपदेशन केंद्रात एक आई आपल्या बारावीतल्या मुलीला घेऊन आली. मुलगी नीट जेवत नव्हती, कॉलेजला जायला तयार नव्हती. तिसऱ्या भेटीत ती बोलली. चार-चार जणांच्या तुकड्या करून लढायचा एक खेळ ती भावाच्या फोनवर खेळत असे. दीड वर्षात ती त्यात बरीच वर गेली होती. अनोळखी मुले तिला आपल्या तुकडीत बोलावत. वस्तीत नळापासून घरापर्यंत जिला कुणी स्वतःच्या नावाने ओळखत नाही, अमक्याची पोरगी, तमक्याची बहीण म्हणून ओळखतात, तिला तिथे एक नाव होते आणि ते तिचे तिने ठेवलेले होते. तुकडीत दोन मैत्रिणी आणि एक मुलगा. त्या मुलाशी तिचे जुळले आणि काही महिन्यांनी मोडले. मोडल्यावर आठ दिवसांत तिला स्वतःचे खाते उघडेना. आत तो बसला होता. तिच्या नावाने तो मैत्रिणींशी घाणेरडे बोलत होता, एकीकडे त्याने फोटो मागितले. पलीकडे बसलेल्या मुलींना काय कळणार, की ही 'ती' नव्हे? त्यांनी तिच्याशी बोलणे टाकले.

मी तिला म्हटले, "अगं, खेळच ना तो? सोडून दे. दुसरं खातं काढ."

त्यानंतर दोन आठवडे ती आलीच नाही.

परत आली तेव्हा मी दुसरी चूक केली. त्याचे धमकीचे संदेश ती रोज रात्री उघडून वाचत बसे, म्हणून मी तिला ते सगळे पुसून टाकायला लावले. मनाला शांती मिळेल असा माझा हिशेब. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दोन वर्षे केसवर्क शिकलेली मी! ज्या बाईला नवरा मारतो तिला आपण आधी सरकारी दवाखान्यात नेऊन जखमांची नोंद करून घेतो. इथे मी स्वतःच्या हाताने जखमेची नोंद पुसली.

आता खात्याकडे येऊ. खेळाच्या जागेवर खाते काढताना आपण काय काय देतो? नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, ई-मेल, फोन नंबर, आणि काही विकत घेतले तर पैसे भरल्याची नोंद. पुढे न मागताही साठत जाते ते वेगळेच: मित्र कोण, त्यांच्याशी काय बोलणे झाले, रोज किती वाजता खेळायला बसते. सोळा वर्षांच्या मुलीची इतकी माहिती तिच्या शाळेकडेही नसते. या खात्याला दोन दारे आहेत. एक कंपनीच्या घरात उघडते, दुसरे आपल्या घरात. वर्तमानपत्रात गाजते ते पहिले.

नेओपेट्स या जागेचे उदाहरण घेऊ. ही १९९९ साली इंग्लंडमधल्या एका तरुण जोडप्याने सुरू केली. काल्पनिक प्राणी पाळायचे, त्यांना खाऊ घालायचे, छोटे खेळ खेळून नाणी मिळवायची, दुकान थाटायचे, मंडळे काढायची. जगभरची मुले तिथे जमली, त्यात मुली खूप होत्या. स्वतःचे दुकान, स्वतःचे पान सजवता सजवता वेबपान लिहिण्याची भाषा शिकलेल्या कितीतरी बायका आज त्याच क्षेत्रात काम करतात आणि शिकलो ते तिथे, असे आवर्जून सांगतात. मुलींचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय मानणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवते.

२०१६ च्या मे महिन्यात या जागेच्या जवळजवळ २ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरबाजारात फिरताना सापडली. चोरी त्याच्या काही वर्षे आधीची असावी असे म्हटले गेले. त्यात जन्मतारखा होत्या, नावे होती, आणि पासवर्ड होते, जसेच्या तसे, वाचता येतील असे.

यातला दोष समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. ज्वारी दळली की पीठ होते, पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. शहाणी कंपनी तुमचा पासवर्ड ठेवतच नाही, त्याचे पीठ ठेवते. तुम्ही पुन्हा आलात की दिलेला शब्द पुन्हा दळते आणि दोन्ही पिठे ताडून बघते. त्यातही प्रत्येकीच्या पिठात वेगळे मीठ घालते (संगणकवाले याला खरोखरच मीठ म्हणतात), म्हणजे दोघींचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे दिसते. नेओपेट्सने अख्खी ज्वारीच उघड्या पोत्यात ठेवली होती.

पुढे जुलै २०२२ मध्ये त्याच जागेच्या सुमारे ६ कोटी ९० लाख खात्यांची माहिती विक्रीला निघाली. कंपनीने नंतर कबूल केले की चोर २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीतही आत होता, म्हणजे दीड वर्ष आधी. या वेळी पासवर्ड दळलेले होते. मात्र २०१५ पूर्वी खेळणाऱ्यांचे जुने पासवर्ड न दळता तसेच असू शकतात, पण ते आता चालत नाहीत, असे त्यांनी सांगितले. तिथे चालत नसतील! पण ज्या मुलीने तोच शब्द ई-मेलला आणि बँकेला लावला आहे, तिचे काय? चोर तेच करतात. एका ठिकाणी मिळालेली किल्ली शंभर दारांना लावून बघतात, आणि हे काम यंत्र करते, त्यामुळे ते थकत नाहीत.

मोठ्या कंपन्यांचेही वेगळे नाही. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशनच्या जाळ्यात एप्रिल २०११ मध्ये चोर शिरले. सुमारे ७ कोटी ७० लाख खाती. कंपनीने २० एप्रिलला जाळे बंद केले आणि माहिती गेली हे लोकांना २६ एप्रिलला सांगितले. जवळजवळ साडेतीन आठवडे खेळ बंद राहिला. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने जानेवारी २०१३ मध्ये अडीच लाख पौंडांचा दंड केला. ७ कोटी ७० लाखांनी भागून बघा, माणशी किती पडले ते.

इथपर्यंतचे सगळे कुणालाही लागू आहे, बाई असो वा पुरुष. आपले म्हणून काही असेल तर ते दुसऱ्या दाराशी आहे.

पासवर्ड विसरला तर खाते परत मिळवायची एक वाट प्रत्येक जागेवर असते. पूर्वी तिथे प्रश्न विचारत: आईचे माहेरचे नाव काय, पहिली शाळा कोणती, नवरा कुठे भेटला. काही ठिकाणी अजून विचारतात. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचा ई-मेल एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने असाच उघडला. जन्मतारीख, पिनकोड, आणि नवऱ्याची भेट कुठे झाली त्या शाळेचे नाव. तिन्ही उत्तरे त्याने जाहीर माहितीतून काढली. त्या तरी प्रसिद्ध बाई. तुमच्या-माझ्या बाबतीत ही उत्तरे शोधायला इंटरनेटही नको. नवऱ्याला ठाऊक आहेत, दिराला ठाऊक आहेत, शेजारणीलाही ठाऊक आहेत. या कुलपांची कल्पना ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांसमोर चोर म्हणजे परका माणूस होता. बाईच्या आयुष्यात चोर बहुतेक वेळा घरातला असतो, हे आपण बलात्काराच्या आणि मारहाणीच्या प्रश्नावर चाळीस वर्षे सांगत आलो. तेच इथे पुन्हा सांगायचे आहे.

हे केवळ माझे मत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी न्यूयॉर्क शहरात जोडीदाराच्या हिंसेला तोंड दिलेल्या आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मिळून ८९ जणांशी बोलून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्रास देणारे बहुतेक पुरुष संगणकतज्ज्ञ नव्हतेच, असे त्यात दिसले. फोन त्यांनी घेऊन दिलेला, खाते त्यांनी काढून दिलेले, पासवर्ड ठाऊक असलेला, अंदाजाने ओळखलेला किंवा दटावून घेतलेला. साध्या समोरच्या दाराने ते आत शिरत. 'हॅकर' म्हटले की काळी टोपी घातलेला कुणी अंधारात बसलेला डोळ्यांसमोर येतो. आमच्या मुलीच्या बाबतीत तो कॉलेजच्या कट्ट्यावर बसत होता आणि 'चल, तुला खातं काढून देतो' असे प्रेमाने म्हणाला होता.

हल्ली प्रश्नांऐवजी फोनवर ओटीपी येतो. सुरक्षित म्हणतात, आणि परक्या चोरापुरते ते खरे आहे. पण फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरत असलेला मोबाइल आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांचा ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजतो. अठरा पूर्ण होईपर्यंत मुलीच्या नावावर सिमकार्ड मिळतही नाही. ते वडिलांच्या कागदपत्रांवर असते आणि घरात भांडण झाले की पहिल्यांदा तेच काढून घेतात.

त्या मुलीसाठी आम्ही खेळाच्या कंपनीला लिहिले. त्यांनी तिला विचारले, खाते पहिल्यांदा कोणत्या फोनवर उघडले, कोणत्या ई-मेलने, पहिली खरेदी कधी केली, पावतीचा क्रमांक द्या. ई-मेल त्याचा, पहिला फोन त्याचा, पन्नास रुपयांची पहिली खरेदी त्याने वाढदिवसाला भेट दिलेली. दीड वर्ष रात्री-रात्री खेळून वर आणलेले तिचे खाते कागदोपत्री त्याचे होते. कंपनीने कळवले की खात्याच्या खऱ्या मालकाची ओळख पटली आहे. शेतात राबणाऱ्या बाईचे सातबारावर नाव नसते, तो प्रकार.

आता कुणी म्हणेल, खोट्या नावाने वावरण्यातच गोंधळ आहे, सगळ्यांना खरी नावे लावायला सांगा. हाही प्रयोग करून झाला. ब्लिझर्ड ही 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळाची कंपनी. तिने ६ जुलै २०१० ला जाहीर केले की खेळाडूंच्या जाहीर चर्चेत यापुढे प्रत्येकाचे खरे नाव आणि आडनाव दिसेल. त्यामुळे शिवीगाळ कमी होईल. खेळाडू खवळले. त्यात बायका होत्या, पाठलागाला तोंड दिलेल्या होत्या. आमचे नाव बाईचे आहे एवढे कळले तरी पुरे होते, असे त्यांचे म्हणणे. यात धोका नाही हे दाखवायला कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने स्वतःचे खरे नाव तिथे लिहिले. लोकांनी थोड्याच वेळात त्याची खासगी माहिती शोधून समोर मांडली. ९ जुलैला कंपनीने निर्णय मागे घेतला.

नाव-पत्ता उघडा पडला की काय होते हे चार वर्षांनी दिसलेच. ऑगस्ट २०१४ पासून अमेरिकेत खेळांच्या जगातल्या बायकांवर जे तुटून पडणे सुरू झाले त्याला गेमरगेट म्हणतात. झोई क्विन आणि ब्रिआना वू या खेळ बनवणाऱ्या, अनिता सार्कीझियन या खेळांतल्या स्त्रीप्रतिमांवर टीका करणाऱ्या. त्यांचे पत्ते, फोन नंबर पसरवले गेले, बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. वू यांना घर सोडावे लागले. सार्कीझियन यांचे ऑक्टोबरमधले युटा राज्यातल्या विद्यापीठातले व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द झाले. खोटे नाव आपल्या मुलींसाठी लपवाछपवी नसते, पदर असतो. पदर म्हटल्याबद्दल इथल्या काही जणी मला नंतर धरतील, पण दुसरा शब्द सुचत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे ६६-डी मध्ये येते. भारतीय न्याय संहितेचे ७८ वे कलम पाठलागाचे आहे, आणि बाईच्या इंटरनेट किंवा ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणेही त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. जुन्या दंड संहितेत हे ३५४-डी म्हणून २०१३ मध्ये आले होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा. पोलीस ठाण्यात 'हे सायबरचं आहे, तिकडे जा' म्हणतील. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो हे खरे, पण तक्रार लिहून घ्यायला त्याने अडत नाही. आम्हाला मात्र ठाण्यात 'गेमचं काय घेऊन आलात मॅडम' हेच ऐकावे लागले, आणि मला रागही धड येईना, कारण ते वाक्य माझेच होते.

एका कायद्याबद्दल मात्र सावध राहा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे चांगलेच आहे. पण त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी आईवडिलांची पडताळलेली संमती लागणार आहे. आठ वर्षांच्या पोरासाठी ठीक. सतरा वर्षांच्या मुलीची किल्ली आपण कायद्यानेच वडिलांच्या हाती देतो आहोत, याचा आपल्या चळवळीत विचार झालेला मला दिसत नाही. कंपनीवर बोट ठेवण्याची दुसरीही रीत आहे. 'फोर्टनाइट' खेळाच्या एपिक कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी डिसेंबर २०२२ मध्ये एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. एक आक्षेप असा होता की लहान मुलांशी अनोळखी माणसांना थेट बोलता येण्याची सोय त्यांनी मुळातच चालू ठेवली होती. ती बंद ठेवून, हवी त्याने चालू करावी, एवढे साधे होते.

आपण केंद्रात काय करायचे, ते आमच्या चुकांतून सांगते. मुलगी आली की तिचा खेळ बंद करायचा सल्ला द्यायचा नाही. तिला तो घरातून मिळणारच आहे, म्हणूनच ती घरी बोललेली नसते. फोन जाईल, पाठोपाठ कॉलेज जाईल, लग्नाची बोलणी सुरू होतील, हा हिशेब तिने आपल्याआधी केलेला असतो. काहीही पुसायचे किंवा अडवायचे त्याआधी पडद्याचे फोटो, तारीख-वेळ आणि त्याच्या खात्याचे नाव दिसेल असे, काढून ठेवायचे. मग ई-मेल बघायचा. खेळाच्या खात्यापेक्षा तो महत्त्वाचा, कारण सगळ्या खात्यांची हरवलेली किल्ली तिथे येऊन पडते. तो तिचा एकटीचा हवा. परत मिळवण्यासाठी कुणाचा नंबर, कुणाचा दुसरा ई-मेल जोडला आहे ते उघडून बघा. माझ्या पाहण्यात निम्म्या वेळा गोम तिथेच निघाली. सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडण्याची सोय असते, पासवर्ड बदलल्यावर ती वापरायची, नाहीतर तो जुन्या फोनवर आत बसलेलाच राहतो. प्रश्नांना खरी उत्तरे द्यायची नाहीत. आईचे माहेरचे नाव 'कोथिंबीर' लिहिले तरी यंत्राला चालते, आपल्या लक्षात राहिले म्हणजे झाले.

बऱ्याच ठिकाणी राखीव आकड्यांची यादी कागदावर उतरवून घेता येते. फोन हातात नसताना त्यातला एकेक आकडा चालतो. हा कागद घरात ठेवणे शक्य नसते. आम्ही काही मुलींचे कागद बंद पाकिटात केंद्राच्या कपाटात ठेवतो, पाकिटावर तिची सही असते, आणि ते आपण उघडायचे नाही. काळजीपोटी सुद्धा नाही. आमच्या एका कार्यकर्तीने 'बघू तरी काय बोलतात पोरी' म्हणून मुलीचे खाते उघडायला मागितले होते. वडीलही काळजीपोटीच उघडतात.

आणि एक. नवऱ्याला किंवा मित्राला खात्यातून एकदम बाहेर काढले की त्याला ते लगेच कळते. मारणारा माणूस असेल तर त्या रात्री ती कुठे राहणार, हे आधी ठरवा, पासवर्ड नंतर बदला. घर सोडण्याची तयारी आपण जशी गुपचूप करतो, तशीच ही करायची.

त्या मुलीचे जुने खाते परत मिळाले नाही. अठरा पूर्ण झाल्यावर तिने स्वतः पोर्टलवर तक्रार केली. मी पुसायला लावलेल्या संदेशांपैकी काही एका मैत्रिणीच्या फोनवर सापडले, ते जोडले. ती मैत्रीण परत आली, दुसरी नाही आली. नवे खाते तिने स्वतःच्या ई-मेलने काढले आहे आणि पहिली तीस रुपयांची खरेदी स्वतःच्या पैशाने करून पावती मला आणून दाखवली. तिची झेरॉक्स फाइलला लावली आहे.

चहानंतर आपण सगळ्या आपापले फोन घेऊन बसू आणि ई-मेलला कुणाचा नंबर जोडला आहे ते बघू. ज्यांच्या हातात आज घरच्या दुसऱ्या कुणाचा फोन आहे त्यांनी त्यावर काही बघू नका, मागे खूण राहते. त्यांनी माझ्याजवळ बसा, माझ्या फोनवर शिकू.